जिभेखालचे थेंब : धुळीच्या अ‍ॅलर्जीवरील इम्युनोथेरपी घरी घेणाऱ्या नवख्यांसाठी

पावसाळा सरतो, माळ्यावरच्या रजया-गोधड्या खाली उतरतात, दिवाळीची साफसफाई सुरू होते आणि घरातले एखादे माणूस सकाळी उठल्याबरोबर ओळीने दहा-पंधरा शिंका देऊ लागते. नाक पाण्यासारखे गळते आणि रात्री चोंदते, डोळे व टाळू खाजतात, ताप मात्र नसतो. याला आपण ‘सर्दीची प्रकृती’ म्हणतो आणि औषधाच्या दुकानातून गोळी आणून वेळ मारून नेतो. प्रत्यक्षात ही सर्दी जंतूंची नसून वावड्याची, म्हणजेच अ‍ॅलर्जीची असू शकते. गोळ्या आणि नाकातले फवारे तिची लक्षणे आटोक्यात ठेवतात; शरीराची वावडे धरण्याची सवयच बदलू पाहणारा उपचार म्हणजे अ‍ॅलर्जन (अ‍ॅलर्जी उठवणारा पदार्थ) इम्युनोथेरपी. या उपचाराचा जिभेखाली ठेवायच्या थेंबांचा किंवा गोळ्यांचा प्रकार घरी घेता येतो. ज्यांना डॉक्टरांनी तो सुचवला आहे, किंवा ज्यांना तो आपल्याला लागू पडेल का असा प्रश्न पडला आहे, त्यांच्यासाठी पुढील पायऱ्या क्रमाने मांडल्या आहेत. उदाहरण म्हणून घरातल्या धुळीची अ‍ॅलर्जी घेतली आहे, कारण जिभेखालच्या उपचाराबाबत गवताच्या परागांखालोखाल सर्वाधिक अभ्यास झालेल्या अ‍ॅलर्जींपैकी ती एक आहे आणि मुंबई, कोकण, गोवा अशा दमट हवेच्या प्रदेशांत ती वर्षभर पाठ सोडत नाही.

‘घरी’ या शब्दाचा अर्थ आधीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. निदान, औषधाची निवड आणि पहिली मात्रा या तीन गोष्टी अ‍ॅलर्जीचे प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायच्या असतात; घरी येते ती रोजची मात्रा, तिची नोंद आणि तिच्यावरची नजर. इंजेक्शनच्या स्वरूपातली इम्युनोथेरपी घरी घेण्याची नसते, आणि शेंगदाणा, दूध, अंडे अशा अन्नपदार्थांच्या अ‍ॅलर्जीवर ‘थोडे थोडे खाऊन सवय करू’ असा प्रयोग घरी स्वतःच्या मनाने करणे जिवावर बेतू शकते.

हा उपचार करतो काय

१९११ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात काम करणाऱ्या लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागांचा अर्क रुग्णांना वाढत्या मात्रेने टोचून त्यांची सहनशक्ती वाढते असे दाखवले आणि ते ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. परागांत एखादे विष असावे, ही त्यांची कल्पना पुढे चुकीची ठरली. पद्धत मात्र शंभराहून अधिक वर्षे टिकली. आज आपल्याला माहीत आहे की अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाचे शरीर एका निरुपद्रवी प्रथिनाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे मास्ट पेशी नावाच्या रोगप्रतिकारयंत्रणेच्या पेशींवर जाऊन बसतात, आणि तेच प्रथिन पुन्हा आत आले की त्या पेशी हिस्टामिन सोडतात, ज्यातून शिंका, खाज आणि सूज येते. तेच प्रथिन ठरलेल्या मात्रेत, दीर्घकाळ आणि नियमितपणे दिले, तर या यंत्रणेला आवर घालणाऱ्या नियंत्रक टी-पेशी वाढतात, आयजीजी-४ या प्रकारची प्रतिपिंडे तयार होतात आणि मास्ट पेशींचा हा उतावळेपणा कमी होत जातो.

जिभेखालचा मार्ग पुढे येण्यामागे सुरक्षिततेचा प्रश्न होता. ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने १९८६ साली इंजेक्शनच्या इम्युनोथेरपीनंतर झालेल्या २६ मृत्यूंची नोंद जाहीर केली, त्यानंतर पर्यायांचा शोध वाढला आणि १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने जिभेखालच्या उपचाराला पर्याय म्हणून मान्य केले. जिभेखालच्या त्वचेत प्रथिन टिपून रोगप्रतिकारयंत्रणेपुढे मांडणाऱ्या पेशी भरपूर आणि मास्ट पेशी तुलनेने कमी असतात, म्हणून येथे गंभीर प्रतिक्रिया क्वचित होतात. क्वचित होतात, मुळीच होत नाहीत असे नव्हे. पुढची बरीचशी काळजी या एका फरकापोटी घ्यायची आहे.

पहिली पायरी : वही

डॉक्टरांकडे जाण्याआधी किमान चार आठवडे, शक्य असल्यास अधिक, एक साधी वही ठेवावी. रोज रात्री शिंका, नाक गळणे, नाक चोंदणे आणि डोळ्यांची खाज या चार लक्षणांना ० ते ३ असे गुण द्यावेत (० म्हणजे त्रास नाही, ३ म्हणजे कामात किंवा झोपेत अडथळा) आणि त्या दिवशी घेतलेली गोळी, फवारा किंवा पंप लिहावा. गुणांपेक्षाही मोलाची असते ती शेजारची एक ओळ : त्रास कुठे आणि केव्हा झाला. सकाळी अंथरुणातून उठताना, केर काढताना, जुनी पुस्तके किंवा बंद कपाट उघडताना शिंका येत असतील तर संशय डस्ट माइटवर जातो. शेतात, मोकळ्या माळावर किंवा ठरावीक महिन्यांतच त्रास होत असेल तर परागांचा विचार करावा लागतो. ओल आलेल्या भिंतीच्या खोलीत होत असेल तर बुरशीचा. गावी गेल्यावर पूर्ण बरे वाटते आणि परतल्यावर दोन दिवसांत नाक गळू लागते, ही नोंद हजारो रुपयांच्या तपासणीइतकी बोलकी असू शकते.

माइट म्हणजे नेमके काय, हेही येथे सांगून टाकतो. शेतकरी पिकावरच्या ज्या किडीला ‘लाल कोळी’ म्हणतात, तिच्याच गोत्रातला हा आठ पायांचा, सुमारे पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर लांबीचा जीव आहे. तो चावत नाही. गादी-उशीत पडणाऱ्या आपल्या त्वचेच्या कोंड्यावर तो जगतो, हवेतला दमटपणा शोषून पाण्याची गरज भागवतो, आणि अ‍ॅलर्जी होते ती मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या व शरीरातल्या प्रथिनांची. म्हणूनच दिसायला लख्ख स्वच्छ असलेल्या घरातही हा त्रास असू शकतो आणि त्यात गृहिणीच्या नीटनेटकेपणावर ठपका ठेवण्यासारखे काहीही नसते.

दुसरी पायरी : तपासणी आणि तिचा अर्थ

नेहमीची तपासणी म्हणजे त्वचेवरची स्किन प्रिक टेस्ट. हाताच्या आतल्या बाजूवर निरनिराळ्या अर्कांचे थेंब ठेवून त्यांतून सुईने त्वचेला हलकेच टोचतात आणि १५ ते २० मिनिटांनी उठलेली गांध मोजतात. सोबत हिस्टामिनचा एक थेंब असतो, ज्यावर गांध उठलीच पाहिजे, आणि मिठाच्या पाण्याचा एक, ज्यावर ती उठता कामा नये. मिठाच्या पाण्याच्या तुलनेत किमान ३ मिलिमीटर मोठी गांध आली तर निष्कर्ष सकारात्मक धरतात. हे दोन थेंब न ठेवता केलेली तपासणी ग्राह्य धरू नये. सर्दीच्या गोळ्या, म्हणजे अँटिहिस्टामिन, साधारण ५ ते ७ दिवस आधी बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर गांध दबते. नाकातला स्टेरॉइडचा फवारा सहसा चालू ठेवता येतो. काही मानसोपचाराच्या गोळ्यांचाही गांधेवर परिणाम होतो, परंतु त्या स्वतःहून बंद करू नयेत. अशा वेळी, किंवा अंगभर इसब असेल तेव्हा, रक्तातील विशिष्ट आयजीईची तपासणी हा पर्याय असतो.

तपासणीच्या अहवालाबाबत नवख्यांचा सर्वात मोठा गैरसमज असा असतो की ज्या ज्या नावापुढे अधिक चिन्ह आहे, त्या त्या गोष्टीची आपल्याला अ‍ॅलर्जी आहे. तसे नसते. आयजीई सापडणे म्हणजे केवळ संवेदनशीलता. ती गोष्ट समोर आल्यावर त्रासही होत असेल तरच तिला अ‍ॅलर्जी म्हणायचे. अहवालात झुरळ, दूर्वा, वेडी बाभूळ, वांगे आणि तूरडाळ अशी बारा नावे सकारात्मक आली आणि वही मात्र फक्त ‘सकाळी अंथरुणात’ असे सांगत असेल, तर वहीला अधिक वजन द्यावे. एकूण आयजीईचा आकडा एकट्याने काहीच सिद्ध करत नाही, कारण तो जंतांमुळेही वाढतो. केसांवरून अ‍ॅलर्जी ओळखण्याचा दावा करणाऱ्या तपासण्यांना आणि अन्नपदार्थांच्या लांबलचक आयजीजी यादीला वैद्यकीय आधार नाही; तो खर्च वाचवावा.

तिसरी पायरी : आपल्या नावाची बाटली

भारतात या उपचारासाठी प्रामुख्याने थेंब वापरले जातात. डॉक्टरांच्या चिठ्ठीनुसार रुग्णाच्या नावाने बाटल्यांचा संच तयार होऊन येतो, त्यात बहुधा चढत्या ताकदीच्या बाटल्या आणि शेवटी कायम ठेवायच्या मात्रेची बाटली असते. द्रावणात ग्लिसरीन असल्यामुळे थेंब गोडसर लागतात. युरोप, अमेरिका आणि जपानमध्ये मात्र ठरावीक ताकदीच्या, औषध म्हणून रीतसर मान्यता मिळालेल्या गोळ्या प्रचलित आहेत. अमेरिकेत डस्ट माइटवरील अशा गोळीला २०१७ साली मान्यता मिळाली. परदेशी राहणाऱ्या मराठी वाचकांना बहुतेक वेळा अशीच गोळी मिळेल, आणि तिच्यात मात्रा वाढवत नेण्याचा टप्पा सहसा नसतो.

थेंब ‘वैयक्तिक’ आहेत म्हणजे ते अधिक चांगले आहेत, असे गृहीत धरू नये. माझ्या मते या संपूर्ण विषयात सर्वाधिक फसगत या एका शब्दापाशी होते. वैयक्तिक उपचार म्हणजे अहवालातली सगळी नावे एका बाटलीत ओतणे नव्हे. तो असतो त्रासाला खरोखर जबाबदार असलेले एक किंवा दोन अ‍ॅलर्जन शोधून तेवढेच पुरेशा मात्रेत देणे. दहा अर्क एकत्र केले की प्रत्येकाचा वाटा पातळ होतो, आणि परिणाम तर मात्रेवर अवलंबून असतो. शिवाय बुरशी आणि झुरळ यांच्या अर्कांतली प्रथिने तोडणारी विकरे (एन्झाइम) परागांचे अर्क निकामी करू शकतात, म्हणून त्यांचे मिश्रण टाळतात. ज्या अभ्यासांच्या जोरावर जिभेखालचा उपचार मान्य झाला, ते बहुतांशी एकेका अ‍ॅलर्जनचे आहेत. अनेक अर्कांच्या मिश्रणाबाबतचा पुरावा तुटपुंजा आहे.

खऱ्या वैयक्तिक निवडीचे उदाहरण वेगळे असते. डर्मॅटोफॅगॉइड्स या गटातले दोन माइट जगभर आढळतात, पण उष्ण व दमट प्रदेशांत ब्लोमिया ट्रॉपिकॅलिस नावाचा आणखी एक माइट असतो, ज्याची प्रथिने पहिल्या दोघांशी फारशी जुळत नाहीत. किनारपट्टीवर राहणाऱ्या रुग्णाला त्रास नेमका याचाच असेल, तर केवळ पहिल्या दोघांचा अर्क त्याला कितपत पुरेल हा प्रश्न रास्त ठरतो. त्याचप्रमाणे माइट आणि कोळंबी यांच्यात ट्रोपोमायोसिन हे सारखे प्रथिन असते. कोळंबी किंवा खेकडा खाल्ल्यावर ओठ सुजणे, घशात खाज येणे असे कधी झाले असेल, तर थेंब सुरू करण्याआधी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

(जाता जाता : गणपतीला वाहतो ती दूर्वा, म्हणजे हरळी, हे परागांच्या अ‍ॅलर्जीतले एक ओळखीचे नाव आहे. त्रास होतो तो फुलोऱ्यावर आलेल्या गवताच्या हवेत उडणाऱ्या परागांचा. पूजेच्या जुडीने सहसा काही बिघडत नाही. पुण्यात १९५० च्या दशकात प्रथम आढळलेले गाजरगवत मात्र नाकालाही त्रास देते आणि त्वचेलाही, आणि त्याचा त्वचेवरचा त्रास आयजीईऐवजी वेगळ्या यंत्रणेने होतो. त्वचेच्या त्या त्रासावर हे थेंब उपयोगी नाहीत.)

बाटली हातात आल्यावर तिच्यावर रुग्णाचे नाव, अर्काचे नाव, ताकद, बॅच क्रमांक आणि मुदत हे पाचही तपशील आहेत याची खात्री करावी. यांपैकी एकही नसेल तर बाटली परत करावी. ताकद लिहिण्याची पद्धत कंपनीगणिक वेगळी असते, त्यामुळे एका कंपनीचे थेंब संपल्यावर दुसऱ्या कंपनीचे ‘तेवढेच’ थेंब चालू ठेवणे सुरक्षित नाही. अशा वेळी मात्रा पुन्हा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी लागते.

चौथी पायरी : कोणी थांबावे

दमा आटोक्यात नसेल तर हा उपचार सुरू करता येत नाही, आणि हा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण गंभीर प्रतिक्रियांचा धोका मुख्यतः अशाच रुग्णांना असतो. श्वासाची क्षमता मोजणाऱ्या स्पायरोमेट्री तपासणीत पहिल्या सेकंदातला उच्छ्वास अपेक्षेच्या ७० टक्क्यांहून कमी भरला तर आधी दम्याचा उपचार मार्गी लावतात. अन्ननलिकेचा इओसिनोफिलिक दाह (अ‍ॅलर्जीशी निगडित सूज), कर्करोग आणि सक्रिय अवस्थेतले स्वयंप्रतिकार विकार (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणारे आजार) असतानाही थेंब टाळले जातात. गरोदरपणात नव्याने सुरुवात करत नाहीत. आधीपासून चालू असतील आणि सोसत असतील तर ते पुढे चालवायचे का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. रक्तदाब किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर ती सांगायलाच हवी, कारण आणीबाणीत दिले जाणारे अ‍ॅड्रेनॅलिन तिच्यामुळे नीट काम करत नाही. काचबिंदूवरचे काही थेंबही याच गटातले असतात, आणि डोळ्यांचे औषध सांगायचे बहुतेकांना सुचत नाही. लहान मुलांच्या बाबतीत साधारणपणे पाच वर्षांनंतरच विचार करतात. मूल लक्षणे नीट सांगू शकते का, हेही पाहिले जाते.

पाचवी पायरी : पहिली मात्रा दवाखान्यात

पहिली मात्रा डॉक्टरांसमोर घ्यावी आणि त्यानंतर किमान ३० मिनिटे तेथेच बसावे. वर उल्लेख केलेल्या अमेरिकी गोळीच्या वापराच्या सूचनेतही हीच अट आहे. कुरियरने बाटली घरी आली आणि फोनवरून ‘आजपासून सुरू करा’ असे सांगितले गेले, तर सुरू करू नये. त्या अर्ध्या तासात डॉक्टरांकडून एक लेखी कागद मागून घ्यावा, ज्यात रोजची मात्रा, मात्रा चुकल्यास काय करावे, कोणत्या लक्षणांना कोणते औषध आणि कोणत्या वेळी थेट रुग्णालय हे स्पष्ट लिहिलेले असेल. अ‍ॅड्रेनॅलिनचे आपोआप टोचणारे पेन आपल्याकडील औषध दुकानांत सहज मिळत नाही, म्हणून आपल्या बाबतीत अ‍ॅम्प्युल (औषधाची काचेची कुपी) आणि सिरिंज घरी ठेवण्याची गरज आहे का, असल्यास किती मात्रा आणि कशी द्यायची, हे त्याच भेटीत विचारावे, आणि घरातल्या दुसऱ्या एका व्यक्तीला सोबत नेऊन तिलाही ते शिकवून घ्यावे.

सहावी पायरी : रोजचा थेंब

वेळ ठरवताना दोन गोष्टी पाहाव्यात : त्यानंतर निदान अर्धा तास घरात दुसरे कोणी जागे असावे, आणि ती वेळ रोज पाळता यावी. झोपायला जाण्याच्या अगदी आधीची वेळ म्हणूनच सोयीची वाटली तरी चांगली नव्हे. बहुतेकांना सकाळी दात घासल्यावर आणि चहापूर्वीची वेळ जमते. मात्र दात घासताना हिरडीतून रक्त आले असेल, तर ते थांबेपर्यंत वाट पाहावी.

बाटली फ्रिजमधून काढावी, लेबल वाचावे, आणि आरशासमोर उभे राहून जीभ वर उचलून ठरलेले थेंब मोजून जिभेखाली सोडावेत. ड्रॉपरचे टोक जिभेला किंवा दातांना लागू देऊ नये. थेंब साधारण १ ते २ मिनिटे तसेच धरून ठेवायचे आणि मग गिळायचे; ही मिनिटे घड्याळ लावूनच मोजावीत, कारण तोंडात लाळ जमू लागली की तीस सेकंदही दोन मिनिटांसारखे वाटतात. त्यानंतर निदान पाच मिनिटे, आणि डॉक्टरांनी सांगितले असल्यास पंधरा, काही खाऊ-पिऊ नये. मुलांना ही मिनिटे गोष्ट सांगून किंवा बोटांनी अंक मोजून काढायला लावता येतात. डोळ्याला चुकून हात लागून खाज सुटू नये म्हणून शेवटी हात धुवावेत. पुढचे दोन तास धावणे, व्यायामशाळा, कडक गरम पाण्याची अंघोळ आणि मद्य टाळणे शहाणपणाचे, कारण शरीर तापले की प्रतिक्रियेचा जोर वाढू शकतो.

बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. फ्रिजच्या दारात तापमान सतत वरखाली होते आणि बर्फाच्या कप्प्यात अर्क गोठू शकतो, म्हणून मधल्या फळीवर, झाकणाच्या डब्यात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ती ठेवावी. वीज चार-पाच तास गेली तर फ्रिज उघडू नये. लांबच्या प्रवासात बर्फाच्या पॅकसह छोटी थर्मल पिशवी वापरावी, बाटली पॅकला थेट चिकटणार नाही अशी कापडात गुंडाळून. विमानाने जाताना ती हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसोबत ठेवावी.

मात्रा चुकणे हे घडणारच. एखादा दिवस गेला तर दुसऱ्या दिवशी नेहमीचीच मात्रा घ्यावी. भरपाई म्हणून दुप्पट कधीही घेऊ नये. सलग सात दिवसांहून अधिक खंड पडला तर स्वतःहून पुन्हा सुरू न करता डॉक्टरांना विचारावे, कारण थोडी खालची मात्रा घेऊन चढत यावे लागू शकते. दात काढला, तोंडात फोड किंवा मोठी जखम झाली, ताप किंवा जुलाब सुरू झाले, किंवा दम्याचा जोर वाढला तर थेंब थांबवायचे असतात. दात काढल्यानंतर साधारण आठवडाभर थांबण्याची पद्धत आहे. दमा असलेल्यांनी फुंकरीचा जोर मोजणारा पीक फ्लो मीटर घरी ठेवावा. फुंकर आपल्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली आली, तर त्या दिवशी थेंब घेऊ नयेत आणि डॉक्टरांना कळवावे.

त्रास झाला तर

पहिल्या काही दिवसांत जिभेखाली चुणचुण होणे, ओठ आणि कान खाजणे, घसा खवखवणे किंवा जिभेखाली किंचित सूज येणे हे अनेकांना होते. ते बहुधा अर्ध्या-पाऊण तासात निवते आणि काही आठवड्यांत बंद होते. या टप्प्यावर घाबरून उपचार सोडणाऱ्यांची संख्या मोठी असते, म्हणून हे आधीच माहीत असलेले बरे. खाज त्रासदायक असेल तर डॉक्टर थेंबांच्या आधी अँटिहिस्टामिनची गोळी सुचवतात. पोटात मळमळणे किंवा दुखणे वारंवार होऊ लागले, गिळताना घास छातीत अडकल्यासारखा वाटू लागला किंवा छातीतली जळजळ टिकून राहिली, तर थेंब थांबवून भेट घ्यावी; ही अन्ननलिकेच्या दाहाची खूण असू शकते.

काही लक्षणांना मात्र थांबून पाहायचे नसते. आवाज घोगरा होणे, घसा आवळणे, श्वासात शिट्टीसारखा आवाज येणे, अंगभर गांधी उठणे आणि त्याबरोबर उलटी, चक्कर किंवा घेरी येणे, यांतली लक्षणे एकत्र आली, किंवा श्वासाची एकटीच तक्रार झपाट्याने वाढू लागली, तर ती अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया, समजावी. तिचे पहिले औषध अ‍ॅड्रेनॅलिनच, तेही मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. सर्दीची गोळी देऊन वाट पाहण्यात मोलाची मिनिटे जातात. अ‍ॅड्रेनॅलिन घरी असेल तर शिकवल्याप्रमाणे ठरलेली मात्रा द्यावी, १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी, रुग्णाला आडवे निजवून पाय उंच करावेत, आणि श्वास लागत असेल तर टेकून बसवावे. त्याला उभे करून जिन्याने खाली चालवत नेऊ नये, कारण अशा वेळी अचानक उभे राहण्याने रक्तदाब कोसळू शकतो. बरे वाटले तरी रुग्णालयात जाऊन निरीक्षणाखाली राहावे, आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत पुढचा थेंब घेऊ नये.

घरातली धूळ

थेंब चालू आहेत म्हणून गादीकडे दुर्लक्ष करू नये. चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुतले तर माइट मरतात. गादीला ऊन दाखवण्याची आपली जुनी रीत तिचा दमटपणा घालवते, पण माइटची प्रथिने आतच राहतात, म्हणून उन्हानंतर गादी घराबाहेर झटकावी, आणि हे काम अ‍ॅलर्जी नसलेल्या माणसाने करावे. कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसणे चांगले. धुता न येणारी खेळणी चोवीस तास डीप फ्रीझरमध्ये ठेवून नंतर झटकता येतात. गादीला माइटरोधक खोळ घालण्याने उपयोग होतो, पण केवळ खोळ आणून बाकी सगळे तसेच ठेवले तर फार फरक पडल्याचे अभ्यासांत दिसत नाही.

किती दिवस, आणि कशावरून कळणार

नाकातला फवारा आणि दम्याचा पंप थेंब सुरू केल्याबरोबर बंद करायचे नसतात. डस्ट माइटच्या बाबतीत फरक जाणवायला बहुधा दोन ते चार महिने लागतात, आणि तो अचानक न येता हळूहळू येतो : गोळ्यांची पाकिटे संपायला जास्त दिवस लागू लागतात. पहिल्या पायरीची वही येथे कामी येते. दर महिन्याच्या शेवटी लक्षणांचे गुण आणि घेतलेली औषधे यांची बेरीज करावी, कारण लक्षणे तेवढीच राहून औषधे निम्मी झाली असतील तर तीही सुधारणाच असते. तुलना करताना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. पावसाळ्याची तुलना मेशी केली तर चांगला उपचारही अपयशी वाटेल.

वर्षभर नियमित थेंब घेऊनही वहीत काहीच फरक दिसत नसेल, तर तसेच रेटत राहण्यात अर्थ नाही. निदान चुकले का, मात्रा अपुरी आहे का, बाटलीत नको ते अर्क मिसळले आहेत का, आणि थेंब खरोखर रोज घेतले गेले का, हे चार प्रश्न डॉक्टरांबरोबर तपासावेत. फरक दिसत असेल तर किमान तीन वर्षे पूर्ण करावीत, कारण उपचार थांबवल्यानंतरही टिकणारा परिणाम तीन वर्षांच्या सलग उपचारानंतर दिसून आला आहे. दोन वर्षांवर सोडल्यास तो टिकेलच असे नाही. म्हणून सुरुवात करण्याआधी महिन्याचा खर्च विचारून त्याला छत्तीसने गुणावे आणि तो हिशेब घरात बसून करावा. सहा महिन्यांत ‘मुळापासून बरे’ करण्याचे पॅकेज विकणाऱ्यांना हा छत्तीसचा गुणाकार दाखवून पाहण्यासारखा आहे.

तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस डॉक्टर थांबायला सांगतील तेव्हा त्वचेची तपासणी पुन्हा करून ती नकारात्मक येण्याची वाट पाहण्याची गरज नसते. ती पुष्कळदा सकारात्मकच राहते, आणि निर्णय लक्षणांवरून होतो. थेंब बंद केल्यावरही वही आणखी वर्षभर, एक पावसाळा आणि एक दिवाळी धरून, चालू ठेवावी. त्रास पुन्हा डोके वर काढत असेल, तर त्याची पहिली नोंद बहुधा गोधड्या खाली उतरण्याच्या आठवड्यातच सापडेल.